पहिलीचा पालक

जूनमधल्या एका गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, शाहनवाज तांबोळी खोलीबाहेरच्या नळावर कपडे धूत होता, तेव्हा त्याचा फोन वाजला. हात पुसून त्यानं बघितलं. कुणीतरी त्याला व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपात घेतलं होतं. ग्रुपचं नाव ‘इयत्ता पहिली – पालक’. नंबर चुकला असेल असं समजून तो बाहेर पडणार होता, तेवढ्यात मुलांच्या नावांची यादी येऊन पडली. एकोणीस नावं. अकरावं नाव सुमैया शाहनवाज तांबोळी.

आपली मुलगी शाळेत जायला लागली, हे त्याला असं कळलं.

शाहनवाज मूळचा कवठे येमाईचा. बारा वर्षांपूर्वी तो रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत प्रेस ऑपरेटर म्हणून लागला आणि जवळच कारेगावात खोली घेऊन राहिला. खोल्या सरूबाई नावाच्या विधवा बाईच्या. एका रांगेत नऊ, वर पत्रा. लग्न झाल्यावर रुबी दौंडहून इथंच आली. सुमैया इथंच, या नऊ दारांसमोरच्या फरशीवर चालायला शिकली. मग दोन वर्षांपूर्वी, रुबीला सातवा महिना चालू असताना, एका दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं. तिनं शाहनवाजला तेरा वेळा फोन केला. कंपनीत आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्या दिवशी पुढच्या पाळीचा माणूस आला नाही, म्हणून शाहनवाज तसाच मशीनवर थांबला होता. सरूबाईनं रिक्षा बोलावून रुबीला शिरूरला नेलं. मूल वाचलं नाही. शाहनवाज दवाखान्यात पोचला तेव्हा रुबी भिंतीकडं तोंड करून पडली होती. त्यानं हाक मारली तरी ती वळली नाही.

पंधरा दिवसांनी तिचे वडील पाशाभाई आले आणि लेकीला, नातीला घेऊन दौंडला गेले. चार दिवस माहेरी राहील, असं सगळेच म्हणाले. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटवायला कुणीतरी मध्ये पडलं असतं.

तेव्हापासून शाहनवाज दर शुक्रवारी पाशाभाईंच्या फोनवर फोन करायचा. पाशाभाई रेल्वेतून रिटायर झालेले, मोजकं बोलणारे. ते फोन सुमैयाकडं द्यायचे. ती म्हणायची, “सलाम अब्बू. हां. खाना खाया. हां.” मग फोन पुन्हा पाशाभाईंकडं जायचा आणि दोघं पावसाबद्दल बोलायचे. रुबी फोनवर येत नसे. मागे कुणाचं तरी भांडं वाजलं, की ती तिथं आहे एवढं त्याला समजायचं.

शाळेत नाव घालताना दाखल्यासाठी बापाचा नंबर लागतो. तो फॉर्मवर लिहिलेला होता, आणि वर्गशिक्षिका स्नेहल ढमढेरे मॅडमनी फॉर्मवरचे सगळेच नंबर ग्रुपात घेतले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडमचा संदेश आला. ‘उद्या आनंददायी शनिवार. दप्तर आणू नये. प्रत्येक मुलाने पाच वेगवेगळ्या बिया आणाव्यात. कोणती बी पाण्यात बुडते आणि कोणती तरंगते, ते आपण करून बघणार आहोत.’ खाली पालकांनी होकाराचे अंगठे टाकले. रुबीच्या नंबरवरूनही एक अंगठा आला.

शाहनवाजनं काही पाठवलं नाही. त्यानं डबा घासून ठेवला, शर्ट घातला आणि सरूबाईच्या दारात गेला.

“मावशी, तुमच्याकडं काय बिया हायेत का? कसल्या बी चालतील.”

“पेरायच्यात व्हय?” सरूबाई म्हणाली. “या फरशीत?”

“न्हाई. पोरीच्या शाळंत मागितल्यात.”

“मंग दौंडला घिऊन जानार?”

सरूबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि आत जाऊन डबे धुंडाळायला लागली. घेवडा, भोपळ्याची बी, दोन चिंचोके, एक सीताफळाची बी आणि वालाचा एक दाणा तिनं त्याच्या हातावर ठेवला. खोलीत येऊन त्यानं बादली भरली. चिंचोका बुडाला. घेवडा बुडाला. भोपळ्याची बी तरंगत राहिली. त्यानं ती बोटानं खाली दाबली, तर ती पुन्हा वर आली. तो बादलीजवळ उकिडवा बसून बराच वेळ हेच करत राहिला.

शनिवारी पहिल्या पाळीवरून सुटल्यावर त्यानं लॉकर उघडला. ग्रुपात एक व्हिडिओ आला होता. वर्गाच्या मध्यभागी पाण्यानं भरलेलं घमेलं, भोवती मुलं. मॅडम एकेक बी हातात धरून विचारत होत्या, “काय होईल?” काही पोरं “बुडंल” म्हणत होती, काही “न्हाई”. आडव्यातिडव्या दातांची एक मुलगी सगळ्यांच्या आधी ओरडत होती. तिला मॅडम पिंकी म्हणत होत्या. सव्विसाव्या सेकंदाला, पिंकीच्या खांद्यामागं सुमैया दिसली. केस तेल लावून चापूनचोपून बांधलेले, वरचा एक दात पडलेला. ती ओरडत नव्हती, पण मान लांब करून पाण्यात बघत होती. भोपळ्याची बी तरंगली, तेव्हा ती हसली.

त्यानं तो व्हिडिओ गेटवर उभं राहून सहा वेळा बघितला. मागून येणाऱ्या जालिंदरनं विचारलं, “काय रं, पिक्चर लागलाय का?” जालिंदर त्याच्याच लाईनवर होता. शाहनवाजनं फोन खिशात घातला.

मग ते दर आठवड्याला सुरू झालं. शुक्रवारी मॅडम काय करायचं ते कळवायच्या आणि शाहनवाज ते करायचा. एका शनिवारी वाळूत बोटानं अक्षर काढायचं होतं. रस्त्याकडेला एका बांधकामावर वाळूचा ढीग होता. तो ओंजळभर वाळू ताटात घेऊन आला आणि त्यात ‘स’ काढून बघितला. ताट हललं की अक्षर जायचं, पुन्हा काढावं लागायचं. दुसऱ्या एका शनिवारी दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि काय काय ऐकू येतं ते सांगायचं, असं होतं. त्यानं खोलीचं दार ओढून घेतलं आणि डोळे मिटले. शेजारच्या खोलीतल्या बिहारी पोरांचा मिक्सर. हायवेवर मागं घेताना ट्रक वाजतो तसलं पीं पीं. पत्र्यावर कावळ्याचे पाय. सरूबाईचा खोकला. एवढं झाल्यावर त्याला पुढं काही सुचेना, आणि दोन मिनिटं तर संपत नव्हती.

व्हिडिओ बघून बघून त्याला वर्ग पाठ झाला. पृथ्वीराज नावाचा मुलगा प्रत्येक खेळात आधी आउट होतो आणि रडत नाही. पिंकी सुमैयाच्या शेजारी बसते. जुलैच्या शेवटी सुमैया टाळ्या वाजवायला लागली, आणि एका व्हिडिओत तर तिनं मॅडमच्या ओढणीला धरून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पोरांचा गोंधळ होता. त्यानं आवाज पूर्ण वाढवून फोन कानाला लावला, तरी नाही.

शुक्रवारी फोनवर तो हे काही काढत नसे. एकदा त्यानं विचारलं, “भोपळ्याची बी तरंगली ना?” सुमैया म्हणाली, “हां,” आणि फोन नानांना, पाशाभाईंना दिला. तुम्हाला कसं कळलं, असं ती विचारेल, असं त्याला वाटलं होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात प्रेसवर त्याचा हात सापडला. पत्र्याची शीट नीट बसली नव्हती, ती सरकवायला त्यानं डावा हात आत घातला आणि मशीन खाली आलं. करंगळीशेजारच्या बोटाचं वरचं पेर गेलं. सुपरवायझरनं गाडीत घालून शिरूरच्या दवाखान्यात नेलं, कागदांवर सह्या केल्या आणि पाळी चालू आहे म्हणून तो परत गेला. नर्सनं विचारलं, “सोबत कोण आहे?”

“येतायत,” शाहनवाज म्हणाला.

कुणी येणार नव्हतं. टाके पडल्यावर तो एकटाच रिक्षानं स्टँडवर आणि तिथून कारेगावला आला. तीन आठवडे रजा मिळाली. सरूबाई सकाळ-संध्याकाळ भाकरी आणून द्यायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, “दौंडला कळीव की रं.”

“कळवतो, मावशी.”

शुक्रवारी त्यानं उजव्या हातानं फोन लावला. पाशाभाई म्हणाले, इकडं पाऊस बरा आहे. तो म्हणाला, इकडंपण बरा आहे.

त्या शनिवारी वर्गात कागदाच्या होड्या होत्या. मॅडमनी घडी कशी घालायची त्याचा व्हिडिओ आदल्या दिवशीच टाकला होता. शाहनवाजनं वर्तमानपत्राचा कागद घेतला. डाव्या हाताला बँडेज. एका हातानं घडी धरली की दुसरी सुटायची. त्यानं कागदावर गुडघा ठेवून बघितला, दातात धरून बघितला. शेवटी जी झाली ती होडी नव्हतीच. ती त्यानं खिडकीत ठेवली आणि पडून राहिला.

सप्टेंबरमध्ये मॅडमचा संदेश आला: ‘घरातील प्रत्येक माणसाचा पंजा कागदावर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवून आणावी. कोणाचा हात किती मोठा, ते आपण चिंचोके मांडून मोजणार आहोत.’

घरातील प्रत्येक माणसाचा. हे शब्द शाहनवाजनं पुन्हा वाचले. मग दुकानातून कोरा कागद आणला, स्टुलावर ठेवला आणि त्यावर पंजा पसरला. पेन्सिल उजव्या हातात, त्यामुळं कागदावर डावाच आला. बँडेज निघून चार दिवस झाले होते. पेन्सिल त्या बोटाशी आली, तेव्हा ती लवकर वळली.

रेघ जिथं बोट संपतं तिथून थोडी पुढं ओढली असती तर कुणाला कळलं नसतं. त्याच्या मनात ते आलंही. पण मोजायला पाहिजे आहे, तर खोटं कशाला, असं म्हणून त्यानं तसंच ठेवलं.

ग्रुपात टाकायची त्याला हिंमत झाली नाही. त्यानं फोटो मॅडमच्या नंबरवर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मी सुमैयाचा वडील. बाहेरगावी राहतो. हे चालेल का?’

तासाभरानं उत्तर आलं. ‘नक्की चालेल. मी पंजाएवढी प्रिंट काढून घेते.’ आणि थोड्या वेळानं, ‘एक बोट काढताना राहिलं आहे का?’

‘नाही मॅडम. तेवढंच आहे.’



शनिवारी दुपारी स्नेहल मॅडमनी स्वतः फोन केला. आवाज व्हिडिओतल्यापेक्षा लहान होता, दमलेला.

“तांबोळी, मी ढमढेरे बोलतेय. तुम्हाला सांगावंसं वाटलं म्हणून फोन केला. वर्गात सगळ्यांनी पंजे मांडले. सुमैयानं आजोबांचा आणला होता, आजीचा, आईचा. मी तुमचा दिला. आधी ती बघत राहिली. मग चिंचोके मांडायला बसली. सगळ्यांच्या त्या बोटाला पाच-सहा चिंचोके बसले, तुमच्या बोटाला तीन.”

“बरोबर हाय.”

“पिंकी म्हणाली, तुझ्या पप्पांचं बोट तुटलंय. पोरं काय बोलतील त्याचा नेम नसतो. तर सुमैया म्हणाली, तुटलं नाही, पडलंय, परत येणार आहे. आणि स्वतःचा दात दाखवला. तिचा नवीन दात अर्धा आलाय.”

शाहनवाज खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. समोर सरूबाई चुलीवर पाणी तापवत होती.

“मी तिला काही सांगितलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “ते घरच्यांनी सांगायचं. पण घरी माहीत आहे ना?”

“न्हाई, मॅडम.”

“कागद मी तिच्यासोबत घरी पाठवलाय. मला माहीत नव्हतं.”

“काय हरकत न्हाई.”

रुबीचा फोन त्याच संध्याकाळी आला. तिच्या नंबरवरून. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या नावानं फोनचा पडदा उजळला आणि उचलायला त्याला वेळ लागला. घरात दोघं हिंदी-मराठीची मिसळ बोलायची. ती आता निव्वळ मराठीत बोलली, बाहेरच्या माणसाशी बोलावं तसं.

“बोट कधी गेलं?”

“ऑगस्टात.”

“ऑगस्टात. म्हणजे महिना झाला. आणि तुम्ही दर शुक्रवारी फोन करून अब्बांना पाऊस विचारता.”

“काय सांगायचं होतं त्यात?”

“बोट गेलं हे सांगायचं होतं.”

तो म्हणाला, “तुझ्या टायमाला मी नव्हतो. मंग माझ्या टायमाला तुला कुठल्या तोंडानं सांगू?”

“दवाखान्यात सोबत कोण होतं?”

“सुपरवायझर सोडून गेला.”

“म्हणजे एकटेच.”

“व्हय.”

“मीपण एकटीच होते,” रुबी म्हणाली.

सरूमावशी होत्या की तुझ्यासंगं, असं त्याच्या तोंडाशी आलं होतं. ते त्यानं गिळलं. पलीकडं तिच्या शिलाई मशीनचं चाक कुणीतरी फिरवून बघत असावं, सुमैयाच असेल, टकटक आवाज येत होता.

“तिला वाटतंय बोट परत येणार आहे,” रुबी म्हणाली. “मी नाही सांगितलं तिला. तुम्ही सांगा. पुढच्या शनिवारी पालकांना शाळेत बोलावलंय, पोरांसोबत खेळायला. मला गिऱ्हाइकांचे ब्लाऊज शिवून द्यायचेत, मी येणार नाही. तुम्हाला यायचं असेल तर या.”

आणि तिनं फोन ठेवला.

शाहनवाजनं जालिंदरला गाठलं. त्या आठवड्यात बुधवारी तुझ्या जागी मी येतो, शनिवारी माझ्या जागी तू ये, असं ठरवून घेतलं. शनिवारी सकाळी त्यानं दाढी केली आणि मोटरसायकल काढली. न्हावरा मागं टाकून, पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडून, चौफुल्यावरून दौंडच्या रस्त्याला लागला. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. डाव्या मुठीवर आखूड बोटाची पकड अजून सवयीची झाली नव्हती, तो हळू चालवत होता. शाळा दौंडच्या कडेला होती, रेल्वेच्या रुळांपासून जवळच. तो पोचला तेव्हा खेळ सुरू झाले होते.

दारात उभं राहून त्यानं वर्ग बघितला. व्हिडिओत मोठा दिसायचा, होता तेवढासाच. भिंतीवर पंजे चिकटवलेले. मुलं आणि आया गोल करून बसल्या होत्या. बाप एकच होता, पृथ्वीराजचा, तो भिंतीला टेकून घड्याळ बघत होता. सुमैया पिंकीच्या आणि पिंकीच्या आईच्या मध्ये बसली होती. तिनं शाहनवाजला बघितलं. उठली नाही. पिंकीच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी त्याच्याकडं बघायला लागल्या.

“या, तांबोळी,” मॅडम म्हणाल्या. “जागेवर बसा. आता डावं-उजवं खेळायचंय.”

खेळ असा होता. मोठ्या माणसाच्या डोळ्यांना पट्टी बांधायची. मुलानं हात लावायचा नाही, नुसतं तोंडानं सांगायचं, डावीकडं किती पावलं, उजवीकडं किती, आणि मधे ठेवलेल्या खोक्यांना, डब्यांना न धडकता त्या माणसाला पलीकडच्या भिंतीपर्यंत न्यायचं. पहिलीच्या मुलांना डावं-उजवं पक्कं व्हावं म्हणून तो होता. पिंकीनं आपल्या आईला दोनदा डब्यावर घातलं आणि सगळे हसले. पृथ्वीराजचा बाप घाईघाईनं चालत गेला आणि फळ्याला धडकला.

मग मॅडमनी सुमैयाचं नाव घेतलं. शाहनवाज उठला, खाली वाकला, मॅडमनी ओढणीसारखं एक कापड त्याच्या डोळ्यांवर बांधलं. त्याला काही दिसेना.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. तिला जमणार नाही, असं त्याला वाटलं. इतक्या लोकांसमोर ती कधी बोलली नव्हती.

“सरळ,” सुमैयाचा आवाज आला. “दोन पावलं. मोठी नाही. छोटी.”

तो दोन छोटी पावलं चालला.

“थांबा. आता उजवीकडं वळा. उजवीकडं म्हणजे जेवायच्या हाताकडं.”

तो वळला. ती बाहेरच्या माणसाशी बोलावं तसं, मॅडमसारखं शुद्ध मराठी बोलत होती. आणि त्याला तुम्ही म्हणत होती. कारेगावात असताना ती त्याला तू म्हणायची. अब्बू, तू मला उचल. अब्बू, तू खोटं बोलतो. तिथं पट्टीच्या आत त्याचे डोळे भरून आले. कापड जाड होतं, बाहेर कुणाला दिसण्यासारखं नव्हतं.

“आता एक पाऊल डावीकडं. डब्बा आहे तिथं. पाय उचलून टाका. हां. आणखी एक. थांबा, थांबा. आता तीन सरळ.”

तिनं त्याला एकदाही कशाला धडकू दिलं नाही. आवाज कधी समोरून यायचा, कधी बाजूनं, ती त्याच्यासोबत चालत होती. दोन वर्षांत ती त्याच्याशी इतकं बोलली नव्हती. भिंत आली तसं तिनं सांगितलं, “पोचलात. आता हात लावा.” त्यानं भिंतीला हात लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं पट्टी काढली, तोवर ती पिंकीशेजारी जाऊन बसली होती.

मधल्या सुट्टीत पोरं खिचडीला गेली, तेव्हा तो व्हरांड्यात तिच्याजवळ बसला. ताट तिच्या मांडीवर होतं. ती त्याच्या हाताकडं बघत होती, पण चोरून.

“बघ,” म्हणून त्यानं हात पुढं केला. “हे परत येत न्हाई, बेटा. दात येतो. बोट न्हाई येत.”

“कधीच?”

“कधीच.”

तिनं घास खाल्ला. “दुखलं का?”

“तवा दुखलं. आता कमी.”

“रडलात?”

“थोडं.”

तिला ते पटलं असावं. ती जेवली, ताट धुवायला नळावर गेली आणि तिथंच पिंकीबरोबर खेळत राहिली. शाळा सुटेपर्यंत ती पुन्हा त्याच्याजवळ आली नाही.

गेटवर रुबी उभी होती. ती येणार नव्हती. अंगावर शिवणकामाचे धागे तसेच होते, घाईनं निघाली असावी. ती वाळली होती. त्यानं सलाम केला. सुमैया पुढं धावत गेली, तेव्हा रुबी म्हणाली, “दाखवा.”

त्यानं हात दाखवला. तिनं हात लावला नाही, पण वाकून नीट बघितलं, टाक्याचे वण मोजल्यासारखे.

“टाके चांगले घातलेत,” ती म्हणाली.

“व्हय.”

“मी कारेगावात परत येणार नाही. हे आधीच सांगते. ती खोली मला बघायची पण नाही.”

“मी त्यासाठी आलो न्हाई.”

“मग कशासाठी आलात?”

बिया, वाळू, होडी, हे सगळं सांगायचं म्हटलं तर ते एका मोठ्या माणसानं सांगण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, “शनिवारी पोरं काय करतात ते बघाया.”

रुबी त्याच्याकडं बघत राहिली. “मग शनिवारी येत जा,” ती म्हणाली आणि लेकीच्या मागं चालू लागली.

दर शनिवारी जमलं नाही. कधी जालिंदर नाही म्हणायचा, कधी कंपनीत माल तुंबलेला असायचा. तरी मार्चपर्यंत तो नऊ वेळा गेला. कधी वर्गात बसायला मिळायचं, कधी नुसतं गेटवरून तिला बघून यावं लागायचं. एप्रिलमध्ये जालिंदरच्या मेव्हण्याच्या ओळखीनं त्याला दौंडशेजारी कुरकुंभला काम मिळालं. आधीपेक्षा हलकं, पॅकिंगचं. त्यानं कारेगावची खोली सोडली. सरूबाईनं त्याला भाकरीचं गाठोडं दिलं आणि दारातून आत गेली, बाहेर आली नाही.

दौंडमध्ये त्यानं पाशाभाईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून खोली घेतली. रुबी तिथं आली नाही, येईल असं त्याला कुणी सांगितलंही नाही. रस्त्यात भेटली तर ती बोलते. मध्यंतरी तिनं त्याच्या दोन शर्टांना गुंडी-काजं करून ते सुमैयाबरोबर पाठवले.

सुमैया आता दुसरीत आहे. शाळा सुटल्यावर, त्याची पहिली पाळी असली की ती तासभर त्याच्या खोलीत येते. अभ्यास करते, पाढे म्हणते, कधी नुसतीच कॉटवर पडून पाय हलवते. अजून तुम्हीच म्हणते. पाच वाजले की दप्तर उचलते, कारण नानी वाट बघते. तो गल्लीच्या तोंडापर्यंत तिच्याबरोबर जातो. तिथून पुढं ती त्याला येऊ देत नाही, मी मोठी आहे म्हणते. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो तिथं उभा राहतो आणि मग परत येऊन संध्याकाळच्या भाताला तांदूळ निवडायला बसतो.